थॉनी: व्हेरिएबल आणि इनपुट डोळ्यांसमोर उलगडणारा एडिटर

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पहिल्या काही धड्यांत बहुतेक नवशिके एकाच ठिकाणी अडतात. प्रोग्रॅमने वय विचारले, उत्तरादाखल २५ टाइप केले, त्यात १ मिळवायला सांगितले आणि २६ येण्याऐवजी टाइप-एरर, म्हणजे न जुळणाऱ्या प्रकारांची त्रुटी, आली. इनपुट हे फंक्शन कीबोर्डवरून आलेली प्रत्येक गोष्ट स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणूनच परत देते हा नियम पाठ असूनही ही चूक होत राहते, कारण प्रिंट केल्यावर २५ ही संख्या आणि २५ ही स्ट्रिंग हुबेहूब सारख्या दिसतात. एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात तयार झालेला थॉनी हा मोफत आणि मुक्तस्रोत एडिटर मला नवशिक्यांसाठी फार मोलाचा वाटतो, तो नेमका यासाठी.

थॉनीसोबत पायथनही येत असल्यामुळे ते वेगळे बसवावे लागत नाही. व्ह्यू मेनूतून व्हेरिएबल्स ही चौकट उघडली की प्रत्येक व्हेरिएबलचे (व्हॅल्यू साठवून ठेवणाऱ्या जागेचे) नाव आणि त्याची सध्याची व्हॅल्यू शेजारी-शेजारी दिसते. स्ट्रिंग असेल तर अवतरणचिन्हांसह, संख्या असेल तर त्यांच्याविना. त्या दोन चिन्हांवर नजर गेली, की स्ट्रिंगला २ ने गुणल्यावर ५० ऐवजी २५२५ का येते, हे कोणी समजावण्याची गरज उरत नाही.

खरे कौतुक आहे ते डिबगरचे, म्हणजे प्रोग्रॅम एकेक पाऊल चालवून दाखवणाऱ्या सोयीचे. इनपुटला इंट या, मजकुराची पूर्ण संख्या करणाऱ्या, फंक्शनच्या कंसात गुंडाळलेली ओळ एफ७ दाबत पुढे नेली, तर आधी आतले इनपुट चालते, त्याच्या जागी अवतरणांतील '२५' येऊन बसते, मग इंट त्यावर काम करते आणि सर्वांत शेवटी ती संख्या व्हेरिएबलला मिळते. समान चिन्हाची उजवी बाजू आधी सोडवली जाते आणि डाव्या बाजूच्या नावाला नंतर व्हॅल्यू जोडली जाते, ही गोष्ट गणितातल्या समीकरणाची सवय असलेल्या विद्यार्थ्याला शब्दांत पटवणे कठीण असते. इथे तो ती घडताना पाहतो.

मराठीत शिकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करून पाहावी. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचे नाव देवनागरीत ठेवता येते, आणि प्रोग्रॅम चालू असताना देवनागरी अंक टाइप केले तरी इंट त्यांची बिनचूक संख्या करते. कोडमध्ये संख्या लिहिताना मात्र देवनागरी अंक चालत नाहीत, तिथे सिंटॅक्स-एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमांची त्रुटी, येते. स्ट्रिंगमधील अक्षरे आणि कोडमधील संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

उणिवाही आहेत. इनपुटच्या कंसात प्रश्न लिहिलेला नसेल, तर खालच्या शेल चौकटीत (जिथे प्रोग्रॅमचे प्रश्न-उत्तर चालते) कर्सर नुसता लुकलुकत राहतो आणि प्रोग्रॅम उत्तराची वाट पाहत थांबला आहे हे नवख्याच्या ध्यानात येत नाही; एडिटरने इथे ठळक सूचना द्यायला हवी होती. पायथनचे त्रुटीसंदेश इंग्रजीतच येतात, त्यामुळे साडेबारा हे उत्तर दशांश चिन्हासह टाइप केल्यावर इंटने दिलेली व्हॅल्यू-एरर वाचून दशांश संख्यांसाठीचे फ्लोट वापरायला हवे होते, हे सुचायला सोबत कोणीतरी जाणकार लागतो. लांबलचक लूपमध्ये, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागात, एफ७ ची बारीक पावले कंटाळवाणी होतात. तिथे एफ६ ने अख्खी ओळ एकदम ओलांडावी आणि बारीक पावले इनपुटच्या ओळीसाठी राखून ठेवावीत.