डॉल्फिन दाखवण्याच्या ‘हमी’ला आम्ही असे फसलो

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी कोथरूडमधल्या एका हॉलमध्ये खरेदीचं प्रदर्शन लागलं होतं. कुर्ते, पणत्या, दिवाळी अंक, आणि दाराजवळ एका सहलीवाल्याचं टेबल. फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘जबाबदार डॉल्फिन आणि देवमासा दर्शन, दापोली. दर्शनाची १०० टक्के हमी, नाहीतर पैसे परत.’ माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला समुद्रातल्या प्राण्यांचं वेड आहे. ती मला हात धरून ओढतच तिकडे घेऊन गेली.

पत्रकावर पाण्याबाहेर झेपावणारा देवमासा होता आणि मागे बर्फाचे डोंगर. भाचीने लगेच विचारलं, “मावशी, दापोलीला बर्फ पडतो?” टेबलावरचा मुलगा म्हणाला, “तो नुसता नमुना फोटो आहे.” मी मान डोलावली. नऊ वर्षांच्या मुलीला जे दिसलं, ते मला दिसूनही मी सोडून दिलं, याची रुखरुख अजून जात नाही.

मोठ्यांना ६,८०० रुपये, लहानांना ४,९००, शिवाय माणशी ५०० रुपये ‘सागरी संवर्धन निधी’. मी, माझी बहीण आणि भाची, मिळून बरोबर २०,०००. फक्त १२ जणांचा गट असेल, सोबत सागरी जीवशास्त्रज्ञ असतील, पाण्याखालचे आवाज ऐकवणारा हायड्रोफोन असेल, होडी लांब थांबवून शांतपणे निरीक्षण होईल, असं सांगितलं. खरं तर या शेवटच्या वाक्यासाठीच मी पैसे भरले. यूपीआयवर जे नाव आलं ते कंपनीचं नव्हतं, कुणाचं तरी वैयक्तिक होतं. पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता. दोन्ही गोष्टी मी घरी आल्यावर पाहिल्या.

शुक्रवारी रात्री कर्वे पुतळ्याजवळ बस आली तेव्हा आत ४१ माणसं होती. ‘शास्त्रज्ञ कुठे आहेत?’ या प्रश्नाला ‘ते किनाऱ्यावर भेटतील’ असं उत्तर मिळालं. ते कधीच भेटले नाहीत. ताम्हिणीतून, माणगाव-मंडणगड करत पहाटे दापोलीजवळच्या किनाऱ्याला पोहोचलो. तिथे नेहमीच्याच होड्या होत्या, ज्यांत इतर पर्यटक माणशी २५० रुपये देऊन बसत होते. भाचीला दिलेलं लाइफ जॅकेट मोठ्या माणसाच्या मापाचं होतं आणि त्याचा एक पट्टा तुटलेला. बहिणीने स्वतःच्या ओढणीने ते तिच्या अंगाशी बांधलं.

अर्ध्या तासात डॉल्फिन दिसले. तीन होते. राखाडी, पाठीवर उंचवटा आणि त्या उंचवट्यावर छोटा पर. श्वास घेताना फुस्स असा आवाज आला आणि भाचीने माझा दंड घट्ट धरला. त्या क्षणी मी सगळं विसरले. मग दिसलं की त्यातला एक अगदी लहान आहे आणि मोठ्याच्या कुशीला चिकटून पोहतोय.

सहलीवाल्याच्या माणसाने हात उंचावून ओरडायला सुरुवात केली, “घे, घे, पुढून घे!” आमच्या होडीचं इंजिन गरजलं. बाजूच्या चार होड्याही वळल्या. डॉल्फिन वर आले की होड्या त्यांच्या वाटेवर आडव्या जायच्या, ते बुडायचे, थोडं पुढे वर यायचे, की पुन्हा पाचही होड्या तिकडे. लोक शिट्ट्या मारत होते. एकाने बिस्किटं फेकली. दर वेळी ते अधिक लांब आणि अधिक थोडा वेळ वर येत होते. भाची म्हणाली, “मावशी, ते पळतायत. त्यांना सांग ना थांबायला.” मी तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, सांगितलं. तो काही बोलला नाही, त्याने फक्त त्या माणसाकडे पाहिलं.

परत आल्यावर दोर बांधता बांधता तो तांडेल हळूच बोलला, ते मला सगळ्यांना सांगायचं आहे. “ताई, आम्ही आमचे असलो की इंजिन बंद करून थांबतो. त्यांच्या मनात असलं तर तेच जवळ येतात. पण यांनी सांगितलंय, डॉल्फिन दाखवलात तर पैसे, नाही दाखवलात तर डिझेलचेही नाहीत. मग काय करणार?” आम्हाला दिलेल्या हमीची किंमत अशी वसूल होते. रानातल्या प्राण्याची हमी देणाऱ्याला त्याचा पाठलाग करावाच लागतो. माझे २०,००० रुपये त्या पिल्लाच्या मागे पाच होड्या सोडायला वापरले गेले, आणि त्यातल्या १,५०० रुपयांचं नाव संवर्धन होतं.

पुण्यात आल्यावर मी वाचत सुटले. आम्ही पाहिले ते हिंद महासागरातले हंपबॅक डॉल्फिन. जगभरात त्यांची जात धोक्यात आहे आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी ते राहतात, म्हणजे होड्यांची वर्दळ जिथे असते तिथेच. ते एकमेकांना आवाजाने शोधतात, मासेही आवाजाच्या प्रतिध्वनीवरून हेरतात. पाच इंजिनांच्या गोंगाटात त्या आईला पिल्लाचा आवाज कसा ऐकू आला असेल, हा विचार मनातून जात नाही. जगात अनेक ठिकाणी डॉल्फिनपासून निदान ५० मीटर आणि देवमाशापासून १०० मीटर अंतर ठेवायला सांगतात. होडी कडेने, त्यांच्या दिशेला समांतर आणि हळू न्यायची, समोरून किंवा पाठीमागून नाही. पिल्लू असेल तर आणखी लांब राहायचं आणि त्यांनी दिशा बदलली की आपण निघायचं.

देवमाशाचं तर नावच घेऊ नका. अरबी समुद्रात ते आहेत, २०१५ मध्ये सिंधुदुर्गाच्या समुद्रात निळे देवमासे दिसल्याची नोंद आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला वाहून आलेलं पिल्लू वाचवायला लोकांनी जिवाचं रान केलं, तरी ते गेलं. पण तासाभराच्या फेरीत तिकीट काढून देवमासा दाखवतो, असं दापोलीत कुणी म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय.

मी पैसे परत मागितले. उत्तर आलं, “डॉल्फिन दिसले ना? मग हमी पूर्ण झाली.” देवमाशाचं विचारल्यावर माझा नंबर ब्लॉक. पावतीवरच्या पत्त्यावर पाठवलेलं स्पीड पोस्ट परत आलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे आणि आता पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी चालू आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही. पत्रक, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आणि मेसेज जपून ठेवल्यामुळेच हे जमतंय. त्या बसमधली आणखी सहा कुटुंबं सोबत आहेत. कुणी याच प्रदर्शनात पैसे भरले असतील तर कागद फेकू नका.

जानेवारीत आम्ही तिघी पुन्हा गेलो, त्याच तांडेलाला आधी फोन करून. मी विचारलं, “नाही दिसले तर?” तो म्हणाला, “मग नाही दिसले, ताई.” त्याने इंजिन बंद केलं आणि आम्ही पाऊण तास पाण्यावर हलत बसलो. लांबवर एकदाच एक पाठ दिसली. भाचीने वहीत ती काढून ठेवली आहे, उंचवट्यासकट.

आणि हे लिहायला बसण्याचं कारण, गेल्या रविवारी कर्वेनगरच्या एका प्रदर्शनात तेच टेबल पुन्हा दिसलं. नाव बदललंय, माणूस तोच. पत्रकावर देवमासाही तोच आहे, फक्त मागचे बर्फाचे डोंगर कापून टाकलेत.