अपुऱ्या दिवसांच्या बाळाला लोहाचे थेंब: फेरस की पॉलिमाल्टोज?

बांबोळीच्या गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजातून) असो वा मडगाव-म्हापशाच्या जिल्हा इस्पितळातून, अपुऱ्या दिवसांचं बाळ घरी येतं तेव्हा सोबत बहुधा तीन बाटल्या असतात: ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि लोह. पहिल्या दोन्हींवर फारसा खल होत नाही. लोहाची बाटली संपली की मात्र फार्मसीत प्रश्न उभा राहतो. चिठ्ठीवरचं नाव नसतं, 'त्यातलंच दुसरं' पुढे केलं जातं आणि ते खरोखर त्यातलंच आहे का, हे उभ्याउभ्या कळत नाही.

निवड मुख्यतः दोघांत आहे. एक फेरस क्षार, म्हणजे फेरस ॲस्कॉर्बेट किंवा फेरस सल्फेट. दुसरं फेरिक हायड्रॉक्साइड पॉलिमाल्टोज, ज्याला सगळे नुसतं पॉलिमाल्टोज म्हणतात. आईच्या दुधावरच्या बाळाला यातलं काहीतरी लागतंच. गर्भातल्या बाळाचा लोहाचा बहुतेक साठा शेवटच्या तीन महिन्यांत होतो आणि हे बाळ नेमके तेच दिवस चुकवून आलेलं असतं. त्यात तपासण्यांसाठी काढलेलं रक्त वजा होतं. आईच्या दुधातलं लोह छान पचतं खरं, पण ते असतं लिटरमागे जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिग्रॅम. अडीच किलोच्या बाळाने दिवसाला ४०० मिली दूध घेतलं तरी पोटात ०.१५ मिलिग्रॅमच्या आसपासच जातं. डॉक्टर सहसा लिहितात ते किलोमागे रोज २ ते ३ मिलिग्रॅम, साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात सुरू करून. पंडुरोग (ॲनिमिया) आधीच झाला असेल तर मात्रा याहून जास्त असते. ती डॉक्टरांनीच ठरवायची.

पॉलिमाल्टोजची बाजू आधी, कारण ती खरोखर चांगली आहे. चव गोड, लोखंडी वास नाही, दात काळवंडत नाहीत. दुधाबरोबर दिलं तरी चालतं. दर दोन-तीन तासांनी दूध लागणाऱ्या बाळाचं पोट रिकामं सापडणार कधी, म्हणून ही सोय लहान नाही. चुकून जास्त गेलं तरी ते फेरसइतकं विषारी ठरत नाही. घरात धावतं-चढतं दुसरं मूल असेल तर हा मुद्दा मी हलका धरणार नाही.

फेरसच्या तक्रारी ठरलेल्या आहेत: तुरट लोखंडी चव, काळपट-हिरवी शी, दुपट्यांवर गंजासारखे डाग. डाग लिंबू-मीठ लावून उन्हात टाकले की बरेचसे निघतात, पण जुलैत ऊन आणायचं कुठून, हे गोव्यातल्या बाळंतिणीच्या घराला सांगायला नको. दातांची तक्रार मात्र दात यायच्या आधी गैरलागू आहे. या बाळांचे दात कॅलेंडरच्या हिशेबाने उशिराच येतात. कोठा जड होण्याची भीती मोठ्यांच्या गोळ्यांवरून आलेली आहे. किलोला २ मिलिग्रॅमच्या मात्रेत तान्ह्यांना तो त्रास क्वचितच होताना दिसतो.

गुणाचं म्हणाल तर एक अभ्यास इथे उपयोगी आहे. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९ ते ४८ महिन्यांच्या पंडुरोगी मुलांना १२ आठवडे फेरस सल्फेट किंवा पॉलिसॅकराइड-लोह यांपैकी एक औषध दिलं. पॉलिसॅकराइड-लोह हे पॉलिमाल्टोजच्या जातीचं, पण तेच नव्हे. फेरस सल्फेटवर हिमोग्लोबिन ७.९ वरून ११.९ वर गेलं, पॉलिसॅकराइड-लोहावर ७.७ वरून ११.१ वर. जुलाबही पॉलिसॅकराइड-लोहाच्याच गटात जास्त झाले. ती मुलं वयाने मोठी होती आणि अपुऱ्या दिवसांची म्हणून निवडलेली नव्हती, तेव्हा हा निकाल तान्ह्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. तरी पारडं कुठे झुकतं ते दिसतं.

माझा कौल फेरसला आहे, पण तो चाचणीने ठरला नाही. तो ठरला बाटलीवरच्या एका आकड्याने, १ मिलीत किती लोह या आकड्याने.

फेरस ॲस्कॉर्बेटचे थेंब १ मिलीत १० मिलिग्रॅम या ताकदीचे सहज मिळतात. पॉलिमाल्टोजचे थेंब पुष्कळदा १ मिलीत ५० मिलिग्रॅम असतात. अडीच किलोच्या बाळाला किलोमागे २ म्हणजे ५ मिलिग्रॅम हवेत. पहिल्या बाटलीतून ते अर्धा मिली होतात, दुसरीतून ०.१ मिली, म्हणजे ढोबळ मानाने दोन थेंब. एका थेंबात अडीच मिलिग्रॅम. एक थेंब गालावर ओघळला की अर्धी मात्रा गेली, एक जास्त पडला की दीडपट झाली. पाकाप्रमाणे थेंब लहान-मोठा पडतो, आणि ड्रॉपर तिरका धरला की आणखी वेगळा. ड्रॉपरवरची पहिली खूण बऱ्याचदा ०.२५ किंवा ०.५ मिलीची असते. तिच्याखालचा सगळा कारभार अंदाजाचा.

खरा घोटाळा बाटली बदलताना होतो. हात 'अर्धा मिली'ला सवयीचा झालेला असतो. नवीन बाटली पाचपट ताकदीची निघाली आणि तोच अर्धा मिली गेला, तर ५ ऐवजी २५ मिलिग्रॅम. उलट बदल झाला तर बाळाला महिनाभर पाचवा हिस्साच मिळतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून फार्मसीतून बाहेर पडण्याआधी दोन गोष्टी वाचाव्यात: 'एलिमेंटल आयर्न' (औषधातलं प्रत्यक्ष लोह) पुढचा आकडा, आणि तो दर १ मिलीचा आहे की ५ मिलीचा. सिरपवर तो बहुधा ५ मिलीचा असतो, थेंबांवर १ मिलीचा.

१० च्या बाटलीचं गणित तोंडी होतं: किलोमागे २ मिलिग्रॅम सांगितलं असेल तर वजन गुणिले ०.२ मिली. अडीच किलोला ०.५, तीन किलोला ०.६, चार किलोला ०.८. हे सोपं असणं फार महत्त्वाचं आहे, कारण ही बाळं दिवसाला २०-३० ग्रॅमने वाढतात आणि मात्रा तिथेच राहते. अडीच किलोला ठरवलेले ५ मिलिग्रॅम चार किलोला दिले तर किलोमागे सव्वाच मिलिग्रॅम उरतं. लसीकरणाला वजन होतं त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून नवा आकडा बाटलीवर लिहावा.

मोजायला १ मिलीची बिनसुईची सिरिंज घ्यावी, ०.०१ च्या खुणांची. इन्सुलिनची घेऊ नये, तिच्यावर मिली नसून युनिटं असतात. बाळाचं डोकं उंच धरून सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवावं आणि ०.१-०.१ मिली सोडत, गिळू देत जावं. रडत्या तोंडात सोडू नये. बाटलीभर किंवा बोंडलंभर दुधात मिसळलं तर तळाशी उरलेल्या दुधाबरोबर औषधही उरतं. मधात तर मुळीच कालवू नये, वर्षाच्या आत मध नकोच.

फेरस दोन दुधांच्या मध्ये देता आलं तर उत्तम, नाही जमलं तर दूध पाजण्याच्या थोडं आधी. लोह अंगी लागण्यात आईच्या दुधाची अडचण थोडी, कॅल्शियमच्या बाटलीची जास्त. दोघांत निदान दोन तासांचं अंतर ठेवावं: कॅल्शियम सकाळी आणि रात्री, लोह दुपारी. हे अंतर पाळणं ज्या घरात शक्यच नाही, तिथे पॉलिमाल्टोज घेणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. फक्त कमी ताकदीची बाटली मागावी. औषध दिल्यावर लगेच उलटी झाली तर स्वतःहून पुन्हा देऊ नये, विचारावं. शी काळपट झाली तर घाबरायचं नाही. डांबरासारखी चिकट किंवा लाल दिसली तर त्याच दिवशी दाखवावं.

दोन प्रकारच्या बाळांना दोन्ही बाटल्या आधी बाजूला ठेवाव्या लागतात. ज्याला अनेकदा रक्त चढवलंय त्याच्या अंगात लोह आधीच गेलेलं असतं, १ मिली लाल पेशींत सुमारे १ मिलिग्रॅम. त्याचं फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) पाहून मगच सुरुवात. आणि जे डब्याच्या दुधावर आहे, त्याच्या डब्यावर १०० मिलीमागे लोह किती ते बघावं. समजा ०.८ मिलिग्रॅम आहे आणि बाळ किलोमागे १५० मिली पितंय, तर १.२ मिलिग्रॅम तिथेच मिळाले. थेंबांनी फक्त उरलेलं भरायचं.

सहा महिन्यांनी वरचं खाणं सुरू होतं तेव्हा 'आता नाचणीचं सत्त्व देतोय ना' म्हणून थेंब बंद केले जातात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ४.६ मिलिग्रॅम लोह, बाळाच्या वाटीत जेमतेम १० ग्रॅम पीठ, आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. तिजान (नाचणीची पातळ खीर) जरूर द्यावं, मऊ उकडलेली कोंबडीची कलेजी चिमूटभर कुस्करून पेजेत द्यावी, पण थेंब वर्षापर्यंत किंवा डॉक्टर सांगतील तोपर्यंत चालू ठेवावेत. आरोग्य केंद्रातून सरकारी सिरप मिळतं, १ मिलीत २० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड, आठवड्यातून दोनदा. कमी वजनाच्या बाळांना ते दोन महिन्यांपासूनही सुरू करायची तरतूद आहे. ते हातात घेण्याआधी घरातली थेंबांची बाटली नर्सबाईंना दाखवावी, म्हणजे दोन्ही एकदम चालू राहणार नाहीत.