बाथरूमच्या भिंतीला शीट की टाइल? कोथरूडच्या भाड्याच्या घरातला चार वर्षांचा अनुभव

पुण्याच्या कोथरूडमधील आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट बरीच वर्षे भाड्याने दिलेला आहे. इमारत १९९४ सालची असून दोन्ही बाथरूमच्या भिंतींना त्या काळच्या आठ बाय आठ इंची टाइल आणि सांध्यांत व्हाइट सिमेंट होते. २०२१ च्या पावसाळ्यानंतर बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला लोणा धरला, कपाटामागचा रंग पोपडे धरून गळू लागला आणि मोठ्या बाथरूमच्या खाली राहणाऱ्या काकूंनी त्यांच्या छताला आलेल्या पिवळ्या डागाचा फोटो पाठवला. दोन्ही बाथरूम एकदम फोडण्याइतकी रक्कम त्या वेळी हाताशी नव्हती. त्यामुळे जिथे खालपर्यंत गळती पोहोचली होती त्या मोठ्या बाथरूमला नव्याने वॉटरप्रूफिंग करून टाइल लावायच्या आणि छोट्या बाथरूमला जुन्या टाइलवरूनच पीव्हीसी मार्बल शीट चिकटवायची, असे ठरवले. एकाच घरात, एकाच टाकीच्या पाण्यावर, त्याच भाडेकरूंच्या वापरात ही दोन्ही साहित्ये चार वर्षे शेजारी शेजारी राहिली, म्हणूनच त्यांच्याविषयी काही खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

आधी शीटविषयी. बाजारात हिला पीव्हीसी मार्बल शीट किंवा यूव्ही शीट म्हणतात. पीव्हीसी आणि दगडाची भुकटी एकत्र करून बनवलेली, साधारण तीन मिलिमीटर जाडीची, आठ बाय चार फुटांची ही शीट असते आणि तिच्यावर संगमरवरी नक्षीचा चकचकीत थर असतो. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये आम्ही दोन-तीन दुकाने फिरलो आणि प्रत्येक ठिकाणी ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ हेच शब्द ऐकले. ते खोटे नाहीत. शीटचा तुकडा आठवडाभर बादलीत बुडवून ठेवला तरी तो फुगत नाही. शिवाय आठ फुटांची उंची एकाच शीटमध्ये मिळत असल्याने आडवा सांधा येतच नाही आणि उभे सांधेही चार फुटांवर एकच येतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. काम दोन दिवसांत संपले, धूळ जवळजवळ झाली नाही, राडारोडा उचलावा लागला नाही आणि शीट, चिकटवण्याचा माल, सिलिकॉन, कडेच्या पट्ट्या व मजुरी मिळून सुमारे बावीस हजार रुपये लागले. तिसऱ्या दिवशी भाडेकरूंनी आंघोळ केली. भाड्याच्या घरात रिकामा गेलेला प्रत्येक आठवडा आपल्याच खिशातून जातो, हे लक्षात घेतले तर शीटची ही बाजू लहान नाही.

अडचण शीटच्या कडांमध्ये आहे. आपल्याकडे आंघोळ काचेच्या आडोशात उभे राहून होत नाही. बादली आणि तांब्या अजून सुटलेला नाही, शॉवर असला तरी पाणी चारही भिंतींवर उडते आणि साबणाच्या पाण्याचा सगळा मारा भिंतीच्या खालच्या दोन फुटांवर होतो. तिथेच शीट फरशीला टेकते, तिथेच नळासाठी भोके पाडलेली असतात, आणि ती सगळी जागा सिलिकॉनच्या एका बारीक रेषेवर विसंबून असते. दुसऱ्या वर्षी ती रेषा काळी पडू लागली. दोनदा बुरशीनाशक लावून पुसली. डाग महिन्याभरात परत आला. मे २०२४ मध्ये भाडेकरू बदलले तेव्हा मी कोपऱ्यातली पट्टी स्क्रूड्रायव्हरने उचकटून पाहिली. आतून बंद डब्यातल्या ओल्या फडक्यासारखा वास आला, शीटच्या पाठीवर काळपट चिकट थर होता आणि मागच्या जुन्या टाइलांच्या सांध्यातले व्हाइट सिमेंट नखाने खरवडताच ओल्या खडूसारखे निघून आले. बाहेरून ती भिंत आरशासारखी लखलखत होती.

याचे कारण पुढे उमजले. जुन्या टाइलांमागे ओल होती आणि सांधेही पोकळ झालेले होते. उघड्या टाइलच्या भिंतीतली ओल निदान सांध्यांतून थोडीफार वाळते. शीटने तो मार्गही बंद केला आणि कडेतून शिरणारे थोडे थोडे पाणी आतच साठत राहिले. शीट लावणाऱ्या मुलांनी आधी जुन्या टाइल ठोकून पाहायला हव्या होत्या, पोकळ वाजणाऱ्या टाइल काढून जागा भरायला हवी होती आणि भिंत किमान आठवडाभर वाळू द्यायला हवी होती. त्यांनी भिंत फडक्याने पुसली आणि लगेच चिकट माल लावला, आणि मीही ते समोर उभी राहून पाहत असताना हटकले नाही.

भाडेकरूंच्या वापरातून आणखी दोन गोष्टी कळल्या. पहिले भाडेकरू विद्यार्थी होते. गीझर बंद पडला त्या आठवड्यात त्यांनी बादलीत हीटरचा रॉड लावून पाणी तापवले आणि गरम रॉड नळाला अडकवताना तो शीटला टेकला. क्षणभरच टेकला असेल, पण तेवढ्यात तळहाताएवढी जागा तपकिरी पडून सुरकुतली. पीव्हीसी उष्णतेने मऊ पडते. टाइलवर तोच रॉड टेकला असता तर फडक्याने पुसून काम भागले असते. दुसरी गोष्ट खिळ्यांची. टॉवेलसाठी कोणीतरी दोन स्क्रू मारले, नंतर काढून नेले आणि ती भोके तशीच राहिली. तीन मिलिमीटरच्या शीटला पडलेले भोक म्हणजे मागच्या ओलीला उघडलेले दार. आता अकरा महिन्यांच्या करारात बाथरूमच्या भिंतीला भोक पाडायचे नाही असे कलम आम्ही घालतो आणि हँगर स्वतः लावून देतो.

आता मोठ्या बाथरूमकडे येते. इथे जुन्या टाइल आणि गिलावा विटेपर्यंत फोडला, पाइप बदलले, नवा गिलावा केला आणि तो पुरता वाळल्यावर भिंतींना सात फुटांपर्यंत व संपूर्ण जमिनीला पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात दिले. पहिला हात उभा, दुसरा आडवा, म्हणजे एका हातात ब्रशकडून सुटलेली जागा दुसऱ्यात झाकली जाते. भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या काटकोनात आधी सिमेंटची गोलाई करून घेतली, कारण लेप तिथेच पहिल्यांदा चिरतो. पाण्याला अडवतो तो हाच लेप. टाइल कितीही महाग घेतली तरी ती त्याच्यावरचा पेहराव आहे, आणि दुकानात टाइल निवडण्यात जे दोन शनिवार गेले त्यातला एक शनिवार मी या लेपाची चौकशी करण्यात घालवायला हवा होता, असे आज प्रामाणिकपणे वाटते.

लेप वाळल्यावर नहाणी ट्रॅपला, म्हणजे पाणी जाण्याच्या तोंडाला, बोळा घालून चार बोटे पाणी भरले आणि दोन दिवस तसेच ठेवले. खडूने भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण केली होती. खालच्या काकू सकाळ-संध्याकाळ छत बघून कळवत होत्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या स्वतः वर आल्या आणि म्हणाल्या, “कोरडं आहे हो, हात लावून बघितलं मी. आता खुशाल बसवा फरशी.” ही परीक्षा केल्याशिवाय कोणत्याही कंत्राटदाराला पुढचे पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

टाइल गुजरातमधील मोरबीच्या, बारा बाय अठरा इंची, फिकट रंगाच्या साध्या सिरॅमिक घेतल्या. दुकानदाराचा आग्रह व्हिट्रिफाइडचा, म्हणजे जास्त भाजून काचेसारख्या घट्ट केलेल्या टाइलचा, होता. त्याचे म्हणणे निराधार नव्हते: व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, तर भिंतीच्या सिरॅमिक टाइलचे अंग दहा टक्क्यांहून अधिक शोषते. परंतु सिरॅमिकच्या पुढच्या बाजूला काचेचा थर असतो, त्यातून पाणी जात नाही. सांधे पक्के असतील तर मागच्या अंगापर्यंत पाणी पोहोचतच नाही. वजनाला ती हलकी असते, तिला भोक पाडणे सोपे असते आणि एखादी फुटली तर ती बदलणेही सोपे जाते. व्हिट्रिफाइड घ्यायचीच असेल तर साध्या सिमेंटवर ती नीट धरत नाही, टाइल ॲडहेसिव्हच वापरावे लागते आणि पिशवीवर आयएस १५४७७ हा मानक क्रमांक व प्रकार पाहून ते घ्यावे लागते. आम्ही सिरॅमिकलाही ॲडहेसिव्हच वापरले, कारण लेपाच्या गुळगुळीत थरावर सिमेंटचा भरवसा मला वाटत नव्हता.

इथे गवंडीमामांशी माझा पहिला मतभेद झाला. त्यांनी टाइलच्या पाठीवर मालाचे पाच गोळे ठेवले आणि टाइल भिंतीला दाबली. ती लगेच सरळ बसली, पण मधल्या जागा पोकळ राहिल्या. “मामा, दातेरी थापीनं पूर्ण पसरून लावू या,” असे म्हटल्यावर ते म्हणाले, “ताई, तीस वर्षं असंच लावतोय, एक टाइल पडली नाही.” टाइल पडत नाही हे खरे आहे, पण पोकळीत पाणी साठते आणि ते कुठून तरी वाट काढतेच. शेवटी त्यांनी एक टाइल माझ्या पद्धतीने लावली, लगेच काढून पाठ पाहिली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत माल लागलेला दिसला, आणि त्यानंतर सगळे काम त्यांनी न सांगता तसेच केले. वाळल्यावर नाण्याने ठोकून पाहिले तर भिंतीभर दोनच टाइल पोकळ वाजल्या, त्या त्यांनी स्वतःहून बदलल्या.

दुसरा मतभेद सांध्यांचा. आपल्याकडे टाइल एकमेकींना चिकटवून लावण्याची सवय आहे. रेषा दिसू नये म्हणून मालकही तसेच मागतात. सांध्यात व्हाइट सिमेंटऐवजी इपॉक्सी भरायचे असेल तर दोन-तीन मिलिमीटरची जागा हवी, त्यासाठी मध्ये स्पेसर घालावे लागतात. इपॉक्सी म्हणजे रेझिन, हार्डनर आणि भुकटी असे तीन भाग. ते पुडक्यात दिलेल्या प्रमाणातच मिसळावे लागतात. पाणी घालून पातळ करायचे नाही आणि माल पुरावा म्हणून भुकटी वाढवायचीही नाही. मिश्रण पाऊण-एक तासात घट्ट होऊ लागते, उन्हाळ्यात त्याहून लवकर, म्हणून थोडे थोडेच कालवायचे आणि टाइलवर पसरलेले ओल्या स्पंजने तेव्हाच्या तेव्हा पुसायचे. आमच्याकडे एका कोपऱ्यात पुसायला उशीर झाला, तिथला धुरकट पापुद्रा आजही तिरप्या उजेडात दिसतो. रंग राखाडी घेतला; पांढरे इपॉक्सी खिडकीच्या उजेडाने कालांतराने पिवळे पडते.

या कामाला बारा दिवस आणि सुमारे अठ्ठ्याऐंशी हजार रुपये लागले, म्हणजे शीटच्या चौपट. चार वर्षांनंतरची स्थिती अशी आहे की सांध्यात एकही काळा डाग नाही. उन्हाळ्यात सोसायटी बोअरचे पाणी मिसळते तेव्हा टाइलांवर पांढरे क्षार जमतात, ते व्हिनेगरच्या पाण्याने निघतात. पूर्वी कामवाल्या मावशी ॲसिड वापरत आणि प्रत्येक वेळी व्हाइट सिमेंटचा थोडा भाग फेसाबरोबर वाहून जाई. सिमेंट ॲसिडमध्ये विरघळते, हे पुण्यातल्या निम्म्या गळक्या बाथरूमचे मूळ असावे असा माझा कयास आहे. बेडरूमच्या भिंतीचा मोठ्या बाथरूमकडचा भाग कोरडा आहे. छोट्या बाथरूमकडच्या भागावर गेल्या पावसाळ्यात पुन्हा पोपडे आले.

इतर साहित्याची थोडक्यात नोंद करते. पोकळ पीव्हीसी पॅनेलना दर दहा इंचांवर सांधा येतो, ते छताला ठीक, न्हाणीच्या भिंतीला नको. लॅमिनेट लावलेला प्लायवूड, मरीन असला तरी, रोजच्या पाण्यात मी ठेवणार नाही. संगमरवर ॲसिडच्या पहिल्याच थेंबाला निस्तेज होतो, त्यामुळे भाड्याच्या घरात त्याचा विचार करू नये.

पाचपैकी गुण द्यायचे तर शीटला अडीच आणि लेप, सिरॅमिक टाइल व इपॉक्सी या तिघांना मिळून साडेचार देईन. शीटचे अडीचही अटीवर आहेत: मागची भिंत ठणठणीत व कोरडी असावी, घर दोन-तीन वर्षांत पुन्हा दुरुस्तीला काढायचे असावे आणि कडेचे सिलिकॉन दरवर्षी काढून नवे भरण्याची तयारी असावी. ज्यांच्या टाइल घट्ट आहेत, फक्त सांधे झिजले आहेत, त्यांनी शीटवर पैसे घालण्याआधी सांधे दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडून, बाथरूम तीन दिवस वाळवून, त्यात इपॉक्सी भरून घ्यावे. आमच्या शेजारच्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्या एका कुटुंबाने मालकांच्या परवानगीने एवढेच करून घेतले, सहा-सात हजारांत काम झाले, मालकांनी ती रक्कम भाड्यातून वळती करून दिली आणि दोन पावसाळे त्यांची भिंत कोरडी आहे.

आमच्या छोट्या बाथरूमची शीट येत्या मे महिन्यात, भाडेकरू बदलताना, काढणार आहोत. गवंडीमामांना आताच सांगून ठेवले आहे आणि मोठ्या बाथरूमच्या उरलेल्या टाइलांची एक पेटी माळ्यावर जपून ठेवलेली आहे. या वेळी दातेरी थापी त्यांनी स्वतःच विकत घेतली आहे.