टपावरचा लोखंडी कॅरियर: खोक्यावरच्या ७५ किलोंवर विसंबू नका

गणपती जवळ आले की चिपळूण, रत्नागिरी, कुडाळच्या अॅक्सेसरीच्या दुकानांत दाराशीच टांगलेला दिसतो तो हा काळा, जाळीवाला लोखंडी कॅरियर. दोन आडव्या दांड्या, वर जाळी, दाराच्या चौकटीला पकडणारे चार क्लॅम्प. वेल्डिंग चांगलं आहे, जाळी दबत नाही. पण खोक्यावर ‘क्षमता ७५ किलो’ छापलंय आणि गिऱ्हाईक फसतं ते तिथेच.

ते ७५ किलो कॅरियरला पेलतात. टपाला किती पेलतं ते गाडीच्या पुस्तिकेत ‘रूफ लोड’ म्हणून दिलेलं असतं, आणि त्यात कॅरियरचं स्वतःचं वजनही धरायचं. पुस्तिकेत ५० किलो असतील आणि कॅरियर १६ किलोचा, तर सामानाला उरले ३४. पाच डझनी हापूसची लाकडी पेटी पेंढ्यासकट १८ किलोच्या आसपास भरते. म्हणजे टपावर एकच पेटी. दुसरी चढवली की मर्यादा ओलांडली.

टपावरचं वजन गाडीच्या एकूण वजनातही मोजलं जातं. समजा सात आसनी गाडीचं भरल्या वजनाचं कमाल १७८५ किलो आणि रिकामं वजन १२०५. उरले ५८०. सात माणसं सरासरी ६५ किलोंची धरली तर ४५५ गेले, कॅरियरचे १६ गेले. शिल्लक १०९ किलो, त्यातच डिकी आणि टप दोन्ही. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर टाकीचे साठ-सत्तर किलो आणखी वजा करा. हे बहुतेक जण विसरतात.

बसवताना क्लॅम्पखालचं रबर आधी पुसून घ्या. वाळूचा एक कण राहिला तरी रंगावर चरे पडतात. क्लॅम्प दाराच्या बीडिंगवर (कडेच्या रबरी पट्टीवर) चढला तर मुसळधार पावसात पाणी आत झिरपतं. सोबतचे नट-बोल्ट साधे लोखंडी आहेत, खाऱ्या हवेत लवकर गंजतात; स्टेनलेसचे घाला. पहिल्या ५० किलोमीटरनंतर गाडी थांबवून चारही क्लॅम्प पुन्हा आवळा, घाटात शिरण्याआधीच. काही गाड्यांच्या टपावरच्या पट्ट्या निव्वळ शोभेच्या असतात, त्यांना कॅरियर कधीही बांधू नका.

गाद्या, चटया, कपड्यांच्या बॅगा अशा हलक्या पण जागा खाणाऱ्या सामानाला हा कॅरियर उत्तम. मात्र सुती गादी ताडपत्रीत नीट गुंडाळा, भिजली तर वजन कितीतरी वाढतं. जड ते खाली, मागच्या सीटला टेकवून. टपावर वजन चढलं की गाडी वळणावर जास्त झुकते, आणि जोरात ब्रेक लागला की सामान पुढे सरकतं. म्हणून दोरी आडवी बांधून भागत नाही, पुढून मागेही ताणायला हवी.

खात्री करायची तर चिऱ्याचे ट्रक मोजतात त्या वजनकाट्यावर भरली गाडी माणसांसकट न्या. आधी चारही चाकं, मग फक्त मागची दोन काट्यावर घेऊन दुसरी नोंद करून घ्या. पहिली नोंद गाडीच्या कमाल वजनाच्या आत हवी, दुसरी मागच्या टायरांच्या क्षमतेच्या आत. टायरवर ‘१८५/६५ आर१५ ८८एच’ लिहिलं असेल तर त्यातले ८८ हा टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा, म्हणजे प्रत्येकी ५६० किलो, दोन टायरांचे ११२०. पुस्तिकेत मागच्या एक्सलची (मागची दोन चाकं जोडणाऱ्या आसाची) मर्यादा वेगळी दिली असेल तर दोहोंतला लहान आकडा धरायचा. हवा मात्र दाराजवळच्या स्टिकरवरच्या ‘फुल लोड’ रकान्याप्रमाणे, निघण्याआधी टायर थंड असतानाच भरायची.