एसटीचा मोफत पास : मुलीचा फुकट, मुलाचा नाही

आमचं गाव त्र्यंबकेश्वर तालुक्यात. मोठी आठवीत, बारका सहावीत, दोघंही त्र्यंबकला एकाच शाळेत जातात, एकाच बसने. मोठीचा पास फुकट, बारक्याला पैसे. का ते सांगते, कारण जूनमधे गावातल्या निम्म्या आया हेच विचारत असतात.

मोठीला अहिल्याबाई होळकर योजना लागते. गावात वर्ग नाही म्हणून बाहेरगावी शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी आहे ही, पाचवी ते बारावी. आधी दहावीपर्यंतच होती, आता बारावीपर्यंत केली ते फार बरं झालं, नाहीतर अकरावीला पोरगी घरी बसवायला लोकांना कारणच लागतं. मुलग्यांना 66.67 टक्के सवलत, म्हणजे तिकिटाचा तिसरा हिस्सा भरायचा. जास्त नाहीये, पण मजुरीवर चालणाऱ्या घरात महिन्याच्या महिन्याला तेवढे काढणं पण जड जातं.

कागद सोपे, बोनाफाईड, आधार, फोटो. आता तर शाळेने यादी दिली की पास शाळेतच मिळतात, 2024 पासून. तरी एका शाळेतल्या क्लार्कने आमच्या शेजारणीला उत्पन्नाचा दाखला आणायला पिटाळलं होतं, बिचारीची रोजी बुडाली. मोफत पास मुलगी म्हणून मिळतो ओ, गरीब म्हणून नाही.

अजून एक, पास घरचा थांबा ते शाळेचा थांबा एवढाच चालतो. रविवारी नाशिकला मावशीकडे जाताना आमच्या बाईसाहेबांनी ऐटीत पास काढला, कंडक्टर हसला आणि म्हणाला, "ताई, ही बस शाळेत नाही जात." काढलं मग अर्धं तिकीट, महिलांचं.

आता खरी अडचण. पहिली ते आठवीच्या पोरांना शाळा लांब असेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वाहतूक भत्ता मिळतो, वर्षाला 6000 पर्यंत. त्याची अट अंतराची, पाचवीपर्यंत 1 किमी आणि सहावी ते आठवीला 3 किमीच्या आत शाळा नसली पाहिजे. आमच्यापासून अडीच किमीवर सहावीचा वर्ग आहे, म्हणजे नियमात सोय झाली, भत्ता नाही. पण मधे ओहोळ आहे. उन्हाळ्यात चप्पल पण भिजत नाही आणि जुलैत मोठा माणूस पण पलीकडे जात नाही, आणि त्र्यंबकचा पाऊस काय असतो ते नाशिककरांना सांगायला नको. म्हणून बारक्याला त्र्यंबकला घातलं, आणि पासाचे पैसे आम्हीच भरतो. किमी मोजणाऱ्याने एकदा आषाढात येऊन मोजावं.

मुलींच्या पासाला पाचपैकी पाच स्टार, डोळे झाकून. भत्त्याच्या अटीला दोन. जूनमधे शाळेत यादी जाते तेव्हा पोरीचं नाव आणि थांबा नीट लिहिलाय का तेवढं बघून घ्या.