महागाचा टायर न विकणारा दुकानदार

माझी टुरिस्ट परमिटची बोलेरो आहे. परतूरहून तुळजापूर, परळी, औंढ्याची भाडी मारतो. टायर पार गुळगुळीत झाले म्हणून जालन्यात मंठा चौफुलीजवळच्या एका दुकानात गेलो. मनात होतं, 215/75 आर 15 काढून 235/75 टाकावेत. गाडी उंच दिसती, रुबाब येतो.

मालकानं भाव सांगायच्या आधी विचारलं, "भाऊ, भाडं ठोक घेता का किलोमीटरवर?"

किलोमीटरवर म्हणलं, तसा त्यानं बिलबुकाच्या पाठीमागं हिशोबच मांडला. 215 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, 15 म्हणजे रिमचे इंच, अन् 75 म्हणजे रुंदीच्या 75 टक्के टायरची भिंत. म्हणून रुंदी वाढली की उंचीही वाढती. जुन्या मापाचा टायर 703 मिलिमीटर, रुंदवाला 733. मीटर मोजतं फक्त चाकाचे फेरे; एका फेऱ्याला किती अंतर धरायचं ते कंपनीनं जुन्या मापावर ठरवलेलं. चाक मोठं झालं तरी मीटरला त्याचा पत्ता नाही. 500 किलोमीटरची फेरी झाली की मीटरवर 480 च्या आसपास दिसणार. "वीस किलोमीटर गिऱ्हाइकाला फुकट!" असं म्हणून हसला गडी. काट्याचंही तेच, 80 दिसले तिथं आधीपेक्षा तीनेक किलोमीटर वेग जास्त. ॲव्हरेज मीटरवरून काढलं तर तेही कमी भरणार, डिझेल तेवढंच जळलं तरी.

मग झिजलेल्या टायरचं उलटं होत असेल ना? होतं, म्हणला. उंची सेंटिमीटरभर कमी झाली की मीटर थोडं पुढं पळतं. (माझ्या गिऱ्हाइकांनी एवढी ओळ सोडून द्यावी.)

215 चेच चार घेतले. त्याचा धंदा कमी झाला, पण माणूस खरं बोलला, हे महत्त्वाचं. टायरवरचा चार आकडी शिक्का त्यानं स्वतःहून दाखवला. पहिले दोन आकडे टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन साल. बॅलन्सिंग चोख. आता रस्त्यावर स्टेअरिंग अजिबात थरथरत नाही.

खोट एवढीच की अलाइनमेंटचं मशीन एकच, त्यामुळं नंबर लागता लागता दुपार टळते. बसायला एक मोडका बाकडा, वरून धूळ. पोरं हवा अंदाजानं भरतात, गेज लावायला सांगावं लागतं. फोनवरून पैसे घेतात. जुन्या टायरचे मात्र घासाघीस केल्याशिवाय नीट देत नाहीत.