कॉन्व्हेंट की मराठी शाळा? फॉर्म भरण्याआधी घरातलं घड्याळ बघा

नोव्हेंबर उजाडला की नाशिकमध्ये दोन विषय निघतात: निफाडला पारा किती उतरला आणि ज्युनिअर केजीचे फॉर्म कुठे सुटले. दुसऱ्या विषयावर माझा फोन जरा जास्तच वाजतो. कारण आमच्या घरात दोन्ही प्रयोग झालेत. थोरली लेक पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये, आता पाचवीत आहे. धाकटा एका जुन्या मराठी शाळेत, सेमी इंग्रजीला, तिसरीत. दोन्ही शाळांची नावं लिहीत नाही. इथे तक्रारीही आहेत आणि मुलं अजून तिथेच शिकतायत.

फोन करणारी मंडळी विचारतात, "चांगली कुठली?" मी उलट विचारते, "सकाळी सोडायला कोण, दुपारी आणायला कोण आणि रात्री डायरी कोण बघणार?" बहुतेकांना वाटतं मी विषय टाळतेय.

आधी नावाचा घोळ

आपल्याकडे गल्लीतल्या कुठल्याही इंग्रजी बालवाडीच्या पाटीवर 'कॉन्व्हेंट' लिहिलेलं असतं. तिथे ना सिस्टर असतात, ना चर्चशी संबंध. खरी कॉन्व्हेंट म्हणजे कॅथलिक सिस्टरांच्या मंडळाने चालवलेली शाळा. काही शाळा फादर चालवतात, काही प्रोटेस्टंट मिशनच्या आहेत. लोक या सगळ्यांना सरसकट कॉन्व्हेंट म्हणतात. फॉर्म घेताना शाळा कुठल्या संस्थेची आहे आणि तिला अल्पसंख्याक दर्जा आहे का, हे विचारून घ्या. पुढे फीच्या हिशेबात त्याचा संबंध येतो.

आणि ख्रिस्ती शाळा म्हणजे इंग्रजी, हे समीकरण तर नाशिकला शोभतच नाही. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या मिशनने १८५० च्या दशकात इथे शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथल्या मिशनमध्ये शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत शोधमोहिमा काढणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या मोहिमेत होता आणि १८७४ मध्ये लिव्हिंग्स्टनचं पार्थिव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला. आजही शरणपुरातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत भांडणापासून उपासनेपर्यंत सगळं मराठीत चालतं. माझी ऑफिसमधली मैत्रीण तिथलीच. तिची दोन्ही मुलं मराठी शाळेत आहेत. तिचा विषय पुढे येईल.

सकाळ

राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत. मुलांची झोप पूर्ण व्हावी हा हेतू. ऐकून मला आनंद झाला होता, कारण डिसेंबरच्या थंडीत सव्वासहाला लेकीला उठवणं म्हणजे पाप वाटायचं. पण तिची शाळा नऊची झाली आणि आमची घडी विस्कटली. नवरा सातपूरला कंपनीत, साडेआठला आत हवा. आधी तो जाता जाता तिला सोडायचा. आता ते जमेना. शेवटी व्हॅन लावली आणि महिन्याचा एक खर्च वाढला. ज्या शाळांना वेळ बदलणं शक्य नव्हतं त्यांना सवलत मागायची सोय ठेवली होती, त्यामुळे तुमच्या मनात असलेली शाळा प्रत्यक्षात किती वाजता भरते हे गेटवर जाऊनच विचारा.

धाकट्याची शाळा दुपारची. बारा ते पाच. सकाळी मोठ्या वर्गांची भरते, ती सुटली की छोटी मुलं आत. आजी-आजोबा घरात असतील तर यासारखं सुख नाही. मूल निवांत उठतं, अभ्यास ताज्या डोक्याने होतो, गरम जेवून शाळेत जातं. घरात दिवसा कोणी नसेल तर मात्र हीच वेळ जीव खाते. शिवाय मार्चमध्ये ऊन वाढलं की सकाळची शाळा सुरू होते आणि वर्षभराची घडी पुन्हा मोडते.

उशिराबद्दल दोन्हीकडचा स्वभाव वेगळा आहे. कॉन्व्हेंटचं गेट घंटेबरोबर बंद होतं. डायरीत लेटमार्क, तीन झाले की पालकांना बोलावणं. मराठी शाळेत बाई म्हणतात, "का रे, आज उशीर?" आणि तो आत जाऊन बसतो. मला पहिल्याचा राग यायचा. आता वाटतं की दुसऱ्यामुळे आम्हीच सैलावलो.

प्रार्थना

सगळ्यात दबक्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न: "धर्माचं काही शिकवतात का हो?"

लेकीच्या शाळेत सकाळी प्रार्थना होते, डबा उघडण्यापूर्वी छोटी प्रार्थना, घरी निघताना आणखी एक. ख्रिस्ती मुलांसाठी धर्मशिक्षणाचा तास असतो, त्याच वेळी बाकीच्यांना मूल्यशिक्षण. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. पण खरं सांगायचं तर कायदा आठवावा असा प्रसंग आमच्यावर आला नाही. पहिलीत असताना ती घरी वरणभातापुढे हात जोडून इंग्रजीत देवाचे आभार मानू लागली. सासूबाई थांबल्या, तिचं संपू दिलं आणि मग स्वतःचा नेहमीचा श्लोक म्हणाल्या. तेव्हापासून आमच्याकडे जेवण दोन प्रार्थनांनी सुरू होतं आणि आमटी थोडी गार होते.

मराठी शाळेत परिपाठ असतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. त्याशिवाय आषाढीला दिंडी, दसऱ्याला पाटीपूजन. आपल्याला ते धार्मिक वाटतच नाही, कारण ते आपलं असतं. शरणपूरच्या त्या ख्रिस्ती मैत्रिणीच्या मुलीला दुसरीत प्रश्न पडला होता, पाटीवर हळदकुंकू वाहायचं की नुसतं उभं राहायचं. बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, तू रांगोळी काढ. हे ऐकल्यापासून कॉन्व्हेंटच्या प्रार्थनेबद्दल मला कोणी कुजबुजत विचारलं की मी हा किस्सा सांगते.

डायरी, म्हणजे खरी परीक्षा पालकांची

कॉन्व्हेंट घराकडून काय मागते ते डायरीत कळतं. रोज सही हवी. गृहपाठ, सूचना, शेरे सगळं इंग्रजीत. रजा हवी तर आधी अर्ज, आजारी पडलं तर डॉक्टरांची चिठ्ठी. पीटीच्या दिवशी पांढरे बूट आणि हाऊसच्या रंगाचा टीशर्ट, एरवी काळे बूट. वाढदिवसाला एक टॉफी वाटा, केक आणि भेटवस्तू बंद. हा शेवटचा नियम करणाऱ्या सिस्टरांना माझा मनापासून नमस्कार.

मेंदीवरून मात्र आमचं वाजलं. दिराच्या लग्नात लेकीच्या हातावर मेंदी काढली आणि सोमवारी लाल शाईत शेरा आला. मी भेटायला गेले. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा, लग्नाची पत्रिका जोडून आधी कळवलं असतं तर चाललं असतं. म्हणजे आक्षेप मेंदीपेक्षा न कळवण्याला जास्त होता. त्या शाळेची किल्ली तिथे सापडली: कागद आधी द्या, मग बरंच काही चालतं. टिकली आणि बांगड्यांचंही आधीच विचारून ठेवा, प्रत्येक शाळेचं वेगळं असतं. मराठी शाळेत मेंदीला कोणी हरकत घेत नाही, पण मुलींना दोन घट्ट वेण्या आणि रिबिनी नसतील तर तिथल्या बाईही ऐकत नाहीत.

सुट्ट्यांचं गणित वेगळं. कॉन्व्हेंटमध्ये दिवाळीची सुट्टी तुलनेने आखूड, कारण नाताळचा आठवडा राखून ठेवलेला असतो. मामाच्या गावाला भाऊबीजेनंतर चार दिवस जास्त राहायचं असेल तर ते विसरा. गुड फ्रायडेला सुट्टी मिळते. आणि नाशिककरांची खरी अडचण रंगपंचमी. धुळवडीपेक्षा आपल्याकडे तिचाच थाट, रहाडीत, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदात, उड्या मारणारी पोरं संध्याकाळपर्यंत घरी येत नाहीत. परीक्षा तेव्हाच तोंडावर असते. दुसऱ्या दिवशी गुलाबी कानांनी शाळेत गेलेल्या मुलीला लेकीच्या वर्गात कोणी रागावलं नाही, पण गैरहजर राहिलेल्या तिघींना कारण लिहून आणावं लागलं.

मराठी शाळेला डायरी आहे, पण ती नावापुरती. सूचना वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर येतात, त्याही रात्री दहाला: "उद्या मुलांनी मातीचा बैल आणावा." ती शाळा कागद मागत नाही, माणूस मागते. स्नेहसंमेलनाचे कपडे शिवायला, सहलीसोबत जायला, क्रीडादिनाला पाणी वाटायला, बाई हक्काने फोन करतात. नोकरी करणाऱ्या आईला हे जड जातं. माझ्या वाट्याचं निम्मं काम सासूबाईंनी केलं आणि त्या आता तिथे माझ्यापेक्षा जास्त ओळखीच्या आहेत.

घरात इंग्रजी नसेल तर

लोकांना ऐकायला आवडत नाही तरी सांगते. कॉन्व्हेंट गृहीत धरते की घरी कोणीतरी इंग्रजीतलं वाचून समजावून सांगेल. मला जमलं. लेकीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना दुसरीतच शिकवणी लागली, आणि शिकवणीची फी कोणी शाळेच्या फीत धरत नाही. ती धरा. मराठी बुडेल ही भीती मात्र आता पूर्वीइतकी खरी नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीचं आहे. तरी विषय म्हणून मराठी येणं वेगळं आणि मराठीत भांडता येणं वेगळं. दुसरं लेकीला सुट्टीतल्या मामेभावंडांनी शिकवलं.

सेमीत गणित इंग्रजीतून असतं. धाकट्याला बेरीज कळते, पण पुस्तकातलं उदाहरण वाचून बेरीज करायची की वजाबाकी हे कळायला वेळ लागला. ते मी पोळ्या लाटता लाटता शिकवू शकले. लेकीचा अभ्यास तसा कधीच झाला नाही, तिथे शेजारी बसावंच लागलं.

पैसे

आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव मोफत जागांच्या सोडतीवर भिस्त असेल तर अल्पसंख्याक शाळा यादीत धरू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ आणि २०१४ च्या निकालांनी त्या या तरतुदीबाहेर आहेत. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका पीठाने २०१४ च्या निकालाबद्दल शंका घेतली आहे, पण त्यावर या वर्षीचा प्रवेश अवलंबून ठेवण्यात अर्थ नाही. अनुदानित मराठी शाळेत प्राथमिकला फी नाही, बालभारतीची पुस्तकं मिळतात, दुपारी खिचडी असते. धाकटा माझा डबा परत आणतो आणि खिचडी खाऊन येतो, यातच काय ते समजा. कॉन्व्हेंटच्या फीखेरीज गणवेश, सहल आणि डिसेंबरमध्ये अनाथाश्रमासाठी धान्य व कपडे. ते शेवटचं लेक स्वतः निवडून बांधते, त्यात मी पडत नाही.

मग कोणी काय निवडावं

नवरा-बायको दोघं नोकरीला, घरी मोठं माणूस नाही, पण इंग्रजी वाचता येतं आणि शिस्तीचा जाच वाटत नाही, तर कॉन्व्हेंट सोपी जाईल. तिथे सगळं आधी कळतं आणि वर्षाचं कॅलेंडर जूनमध्ये हातात येतं. घरी आजी-आजोबा आहेत, घर मराठीत चालतं, कोणीतरी शाळेत जाऊन उभं राहू शकतं, तर मराठी शाळा. दोन्ही मुलांना एकाच शाळेत घालायचा हट्ट मी धरला नाही. धाकट्याच्या वेळी सासरे निवृत्त झाले होते, घरचं घड्याळ बदललं होतं.

आणखी दोन गोष्टी. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात, त्याप्रमाणे केजीचा हिशेब मागे मोजा. दुसरी, २०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याच्या मुख्य पर्वण्या, म्हणजे स्नानाचे मोठे दिवस, आहेत. २०१५ ला पर्वणीच्या दिवसांत रस्ते कसे बंद होते ते आठवत असेल, तर शाळा गोदावरीच्या आपल्याच काठावरची बघा.

फॉर्म भरण्याआधी एकदा शाळा सुटायच्या वेळी गेटसमोर उभं राहा. मुलं कशी बाहेर येतात ते दिसेल. मग रिक्षावाल्या काकांना विचारा, शाळा वेळेवर सोडते का आणि पावसात मुलांना आत थांबू देते का. मला शाळेच्या ऑफिसातून मिळालेल्या सुंदर माहितीपत्रकापेक्षा त्यांचं उत्तर जास्त उपयोगी पडलं.